गाणं शिकायला काय लागतं?

दोन वर्षांपूर्वीच्या आठ मार्चला चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यातल्या एका आगरी गावात आमचा कार्यक्रम होता. भाषणं झाली, पथनाट्य झालं, आणि मग बचत गटातल्या एका बाईची बारावीत शिकणारी मुलगी उठून गायली. माईक मध्येच बंद पडला, पण तिचं काही अडलं नाही. मागच्या रांगेत मशेरी लावत गप्पा मारणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तिनं मला विचारलं, "ताई, कॉलेजात गाणं शिकायला काय लागतं?"

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. कुठला फॉर्म, कुठला दाखला, कोणती तारीख हे शोधून देणं माझं रोजचं काम. चार दिवसांत माहिती काढली आणि तिला कागदावर लिहून दिली. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, चर्चगेटला एस.एन.डी.टी. आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. बारावी पास असलं की पदवीच्या वर्गासाठी अर्ज करता येतो, बहुतेक ठिकाणी शाखेची अट नाही. त्यानंतर एक प्रवेशचाचणी, म्हणजे गाऊन दाखवायचं. दुसऱ्याच विषयाची पदवी असेल आणि पुढे संगीतात एम.ए. करायचं असेल, तर अनेक ठिकाणी 'विशारद' किंवा त्या तोडीची परीक्षा मागतात. एवढंच. सगळं मिळून अर्धं पानही भरलं नाही. शिक्षणाच्या इतर वाटांपेक्षा ही किती सोपी, असं मला वाटलं होतं!

मुलगी बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. जूनमध्ये ती आणि तिची आई एका संस्थेत चाचणीला जाऊन आल्या. (संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या संस्थेचा नाही.) तिथं तिला विचारलं, राग कोणते तयार आहेत? तिनं अभंग गायला. परीक्षकांनी स्वरांचे तुकडे गाऊन दाखवले, ते तिनं एकदा ऐकून जसेच्या तसे गायले. मग त्रितालाचा ठेका हातावर धरायला सांगितला. टाळी कुठे, खाली कुठे, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गुरू कोण? नाही. गांधर्वच्या किती परीक्षा झाल्या? एकही नाही. परीक्षक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "कान फार चांगला आहे, दोन-तीन वर्षं शिकून ये."

परत येताना मांडव्याच्या बोटी पावसामुळे बंद, म्हणून वडखळवरून एस.टी.नं दोघी घरी पोचल्या तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आईचा त्या दिवसाचा बाजार बुडाला होता. मुलगी मला काहीच बोलली नाही. आई मात्र बोलली: "ताई, तुमच्या कागदावर ह्ये नव्हतं."

खरंच नव्हतं. जे लागतं ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं, आणि मी माहितीपत्रकच उतरवून दिलं होतं. इतर विषयांत बारावीपर्यंतची तयारी शाळा करून घेते. बरी-वाईट का होईना, पण घेते. गाण्यात मात्र कॉलेजच्या दारात उभं राहण्यापूर्वीची सात-आठ वर्षं ज्याची त्यानं घरी, स्वतःच्या खर्चानं काढायची असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा घ्या: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात पायऱ्या. अठराव्या वर्षी यातली निम्मी वाट तरी चालून झालेली असावी, तर दहाव्या-अकराव्या वर्षी पेटीसमोर बसायला हवं. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत अकरा वर्षांची मुलगी कशासमोर बसते? चुलीसमोर, धुण्यासमोर, नाहीतर धाकट्या भावंडासमोर.

रियाजाचंच बघा. गाणं शिकवणारे सगळे सांगतात की पहाटे खर्ज लावावा, मंद्र सप्तकात सूर धरून बसावं. पहाटे! त्याच वेळी नळाला पाणी येतं. त्याच वेळी आईला तोंडली, वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन अलिबागची पहिली एस.टी. गाठायची असते. आई बाहेर पडली की घर मुलीच्या अंगावर येतं. भावाचा डबा, आजीचा चहा, मग कॉलेज. संध्याकाळी शिकवणी लावावी म्हटलं, तर अलिबागचे बहुतेक मास्तर स्वतः नोकरीपेशाचे, त्यांचे वर्ग सहाच्या पुढे. रेवदंड्याहून अलिबाग सतरा किलोमीटर. वर्ग आठला सुटला की परतीची गाडी मिळण्याची चिंता, आणि नाक्यावर उतरल्यावर घरापर्यंतच्या अंधाराची त्याहून मोठी. मुलगा असता तर मोटारसायकलवरून आला असता, किंवा नसता आला तरी कुणी विचारलं नसतं.

गावात पेटी नाही का? आहे की. देवळात आहे, भजनी मंडळाची. मंडळ पुरुषांचं. मुलींनी वाजवायला उघड मनाई नाही, पण "आधी विचारा" असं असतं. आणि महिन्यातले चार दिवस देवळात पाय ठेवायचा नाही. म्हणजे वर्षाला जवळपास पन्नास दिवस रियाज बंद, तेही कुणाला कळेल अशा रीतीनं बंद! तेराव्या-चौदाव्या वर्षी किती मुलींनी गाणं "सोडलं", याचा कधी हिशेब मांडला तर त्यात हे दिवस धरावे लागतील.

त्यातून एखादे बुवा शिकवायला तयार झालेच, तर आणखी एक गोष्ट असते. मला ती गाणाऱ्या मैत्रिणीनं समजावली, तोपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक, काळी दोनचा. बायकांचा काळी चार, काळी पाचचा. वर्गात मुलं-मुली पंधरा, पेटी एक, आणि सूर बुवांचा. मग मुलगी एकतर खाली दबून गाते, नाहीतर वरच्या सप्तकात ओढूनताणून. वर्षभरानं बुवाच सांगतात, "मुलींच्या आवाजात दम नसतो." ज्या सुरात तिनं गायचं तो सूरच कुणी लावून दिला नव्हता. मोबाईलवर आता तंबोरा फुकट मिळतो, आपल्या सुरात लावता येतो. मोठीच सोय झाली. पण मोबाईल भावाचा.

परीक्षांच्या वेळांकडे पाहिलं तर हसावं की रडावं कळत नाही. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. दोन्ही वेळा लग्नसराई. आपल्याकडे लग्न म्हणजे घरातल्या मुलींनी आठ आठ दिवस राबणं. पुरुष परीक्षार्थी मांडवातून उठून परीक्षेला जाऊन येतो, मुलगी उठली तर "हिला आताच कसं सुचलं?"

शासनानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या नावानं शासनाचं संगीत महाविद्यालय सुरू झालं. छान झालं, ते मुंबईत. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. जिथे वर्ग आहे तिथल्या मुलांना मिळतात. २०२४ मध्ये मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय झाला, पण तो केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी. गाण्याचे प्रवेश तसे होत नाहीत. प्रत्येक वेळी आपल्या मुलीच्या हाताला येण्याआधीच दोर संपतो.

आता थोडं मागे जाऊ. ही 'पात्रता' काळानुसार बदलत आली आहे आणि प्रत्येक वेळी बाईला वेगळा हिशेब लावला गेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. खाँसाहेबांच्या मर्जीवर असलेलं गाणं वर्गात आणलं, फी आणली, पुस्तकं छापली, परीक्षा आणल्या. 'घरंदाज' मुलींना गाणं शिकता येऊ लागलं, हे मोठंच काम. पण घरंदाज मुलींसाठी गाणं 'स्वच्छ' करायचं ठरलं, तेव्हा ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गळ्यात सांभाळलं होतं, त्यांच्यापासूनच ते दूर नेलं गेलं. कलावंतीण, नायकीण, तवायफ यांच्याकडे विद्या होती. प्रतिष्ठेचा दाखला नव्हता. १९४६ साली वल्लभभाई पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीत असा दंडक आला की ज्यांचं खाजगी आयुष्य लोकांत बदनाम आहे अशा कलावंतांना गायला बोलवायचं नाही. सुराची परीक्षा राहिली बाजूला, चारित्र्याची परीक्षा सुरू झाली. आणि ती प्रामुख्यानं कुणाची झाली असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

याच काळात हिराबाई बडोदेकर तिकीट लावून, लोकांसमोर ताठ बसून गात होत्या. मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीहून निघून, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीसाठी काय काय सोसून, मुंबईत उभ्या राहिल्या होत्या. आपल्या आईला मैफलीच्या ठिकाणी कशी वागणूक मिळायची, ते किशोरी आमोणकर शेवटपर्यंत विसरल्या नाहीत आणि आयोजकांना विसरू दिलं नाही. किशोरीताईंना 'तऱ्हेवाईक' म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

आणि हे फक्त आपल्याकडे असं समजू नका. व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८४२ सालचा. त्यांनी बाईला सभासद करून घेतलं १९९७ साली! ती बाई वर्षानुवर्षं त्यांच्यात बसून हार्प वाजवत होती, फक्त सभासद नव्हती. अमेरिकेत १९७०-८० च्या सुमारास बऱ्याच वाद्यवृंदांनी चाचणीच्या वेळी उमेदवाराला पडद्याआड बसवायला सुरुवात केली, म्हणजे परीक्षकांना फक्त वाजवणं ऐकू यावं. त्यानंतर बायकांचं प्रमाण वाढलं. आम्ही इथे आयुष्यभर पडद्याविरुद्ध बोलतो, पण हा पडदा मला आवडला.

तरी आमच्या मुलीला असा पडदा उपयोगी पडला नसता. तिला कुणी मुलगी म्हणून नाकारलंच नव्हतं. त्याआधीच्या सात वर्षांत जे मिळालं नाही, ते त्या खोलीत पंधरा मिनिटांत उघडं पडलं.

आमच्या बैठकीत हा विषय मी मांडला तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही ऐकण्यासारखे होते. पहिला नेहमीचा: पाण्याचा प्रश्न आहे, दारूचा आहे, नवऱ्यानं टाकलेल्या बायांच्या केसेस पडून आहेत, आणि तू गाण्याचं काय घेऊन बसलीस? मी म्हटलं, या मुलीच्या गाण्याआड आलेल्या गोष्टी एकेक मोजा. पाणी, घरकाम, रात्रीची एस.टी., विटाळ, फी, लग्न. यातली कोणती आपल्या कामाबाहेरची आहे? गाणं त्यात नंतर येतं.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा होता. एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "तिची आजी धवलारीण आहे. त्या घरच्या मुलीनं राग-ताल शिकून अभिजात का व्हायचं? त्यांचं गाणं काय कमी आहे?"

आजी खरंच धवलारीण आहे. आगरी समाजात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. हळदीपासूनच्या एकेका विधीचा धवळा असतो. कोणत्या वेळी काय गायचं, कुणाला पुढे बोलवायचं, ते तिच्या हातात. भटजीच्या जागी बाई! आणि आमची ही आजी विधवा आहे. सारं तोंडपाठ, एका अक्षराचं लिखाण नाही. मोबदला नारळ, तांदूळ, लुगडं आणि थोडे पैसे. मी तिला नातीच्या चाचणीची हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मी चार चार राती गायलेली हाय. मना कुनी पास क्येली नाय न नापास बी क्येली नाय. माज्या धवल्याला मार्क देनारा कोन हाय?"

मला तिचं म्हणणं पटतं, आणि तरी मी त्या कार्यकर्तीशी सहमत नाही. धवळे हे शिक्षण आहे, ते कॉलेजनं शिक्षण म्हणून मानावं, चाचणीत विचारावं, "घरी काय गातात?" मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, म्हणजे विद्यापीठाच्या दारातून लोककला आत जाऊ शकते हे तर सिद्धच झालं आहे. पण आजीची नात आहे म्हणून तिनं धवळेच गावेत, हे मला फारसं वेगळं वाटत नाही 'सुताराच्या पोरानं रंधाच धरावा' यापेक्षा. तिला यमन शिकायचा आहे. का शिकायचा आहे, याचं कारण तिनं आपल्याला देण्याची गरज नाही.

चाचणीत सवलत द्या, असंही मी म्हणत नाही. यावर आमच्यात मतभेद आहेत. मला वाटतं, ठेका न कळता वर्गात बसवली तर सहा महिन्यांत ती स्वतःच बाहेर पडेल, आणि मग म्हणतील, "घेतली होती की!" मागायची ती वर्षं. तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला संगीत हा विषय. तो राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आहे, पण आपल्या भागातल्या मुलीला सहज गाठता येईल असा नाही. माध्यमिक शाळेत आठवड्यातून दोन तास शिकवणारी एक बाई. बाई म्हणते आहे मी, मुलींच्या सुरात शिकवणारी. आणि माहितीपत्रकात स्वच्छ लिहावं की चाचणीत काय विचारणार आहोत: अमुक राग, अमुक ताल, अमुक अलंकार. हे लिहायला काही खर्च येत नाही.

प्रभा अत्रे यांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते. त्यांच्या आईची तब्येत ठीक नसायची, म्हणून कुणी सुचवलं की गाणं शिका, बरं वाटेल. पेटी शिकवायला मास्तर येऊ लागले. आईंनी चार-दोन धडे घेतले आणि सोडून दिलं. आठ वर्षांची प्रभा ऐकत होती, ती पुढे शिकली. त्याच पुढे एस.एन.डी.टी.च्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. ही गोष्ट नेहमी मुलीच्या प्रतिभेची म्हणून सांगतात. मला त्यात पेटी दिसते. आजारी बाईसाठी का होईना, घरात आलेली, आणि आईनं सोडल्यावर परत न गेलेली. आईनं का सोडलं असेल, हाही एक वेगळा लेख होईल.

आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण फार मोठं काही केलेलं नाही. बचत गटाची खोली सकाळी रिकामी असते. गटानं जुनी पेटी विकत घेतली. त्यावर दोन बैठका भांडण झालं, शेळ्यांसाठीचे पैसे पेटीत कसे म्हणून. शेवटी पेटीचं भाडं लावायचं ठरलं, महिन्याला दहा रुपये प्रत्येक मुलीला. सात मुली येतात. महिन्याचे तीसही दिवस खोली उघडी असते, हे ठरावात मुद्दाम लिहून ठेवलं आहे. अलिबागच्या एका निवृत्त शिक्षिका बाई रविवारी येतात, एस.टी.चं भाडं गट देतो. घरकामाचं मात्र जमलेलं नाही. एका आईनं स्पष्ट सांगितलं, "पोरगी सा लावते तवर भात कोन लावनार?" भावाला लावायला सांगा, असं मी म्हटलं. ती हसली. अजून हसते आहे.

आमची मुलगी सध्या इथल्याच कॉलेजात बी.ए.ला आहे. आठवड्यातून दोनदा अलिबागला शिकवणीला जाते. वर्ग पाचला घ्यायला मास्तरांना आम्ही राजी केलं. प्रवेशिका पूर्ण झाली. परीक्षा डिसेंबरात होती आणि चुलत भावाचं लग्न त्याच आठवड्यात, त्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. मध्यंतरी उरणकडचं एक स्थळ आलं होतं. बायोडाटात वडिलांनी 'गायनाची आवड' असं लिहिलं होतं. तिनं ते खोडून 'गायनाचे शिक्षण चालू' असं केलं. स्थळाकडून परत निरोप आला नाही. घरात दोन महिने अबोला होता, आता निवळला आहे.

या जूनमध्ये ती पुन्हा चाचणीला जाणार आहे. यमन, भूप, दुर्गा तयार आहेत, त्रिताल आणि एकताल हातावर धरता येतो. एक धवळाही गाईन म्हणते, त्यांनी विचारलं नाही तरी. सोबत आजी येणार आहे, "मास्तर कसा हाय तो बघाया." बोटी बंद असतील, रो-रो चालू असली तर भाऊच्या धक्क्यावर उतरतील, नाहीतर पुन्हा वडखळवरून. एका दिवसात जाऊन येणं आजीला झेपणार नाही. आपल्यापैकी कुणाकडे भायखळा-माझगाव किंवा चर्चगेटच्या बाजूला दोन रात्री तिघींना झोपायची सोय होईल का, ते मासिकाच्या पत्त्यावर मे अखेरपर्यंत कळवा. पेटी लागणार नाही, आम्ही आणू.